आईच्या रक्ताचा जमाखर्च



गर्भवती स्त्रीला आपण मराठीत 'दोन जिवांची' म्हणतो. मी वैद्यकाची अभ्यासक नव्हे. भाषांतर हे माझे काम. परंतु शरीरशास्त्राचे ग्रंथ मराठीत आणताना या जुन्या शब्दाची यथार्थता मला पुनःपुन्हा जाणवली आहे. दोन जीव हे खरेच. मात्र ते एकाच रक्तावर जगतात, ही सर्वत्र रूढ असलेली समजूत तितकीशी खरी नाही. आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त एरवी एकमेकांत मिसळत नाही. दोघांचे रक्तगटही भिन्न असू शकतात.

दोहोंच्या मध्ये असते ती वार. पूर्ण दिवसांच्या सुमारास तिचे वजन साधारण अर्धा किलो भरते. गर्भाच्या रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्या तिच्यात पसरलेल्या असतात व त्यांच्याभोवती आईचे रक्त खेळत असते. मधल्या अत्यंत पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर, लोह ही द्रव्ये गर्भाकडे जातात आणि त्याच्या शरीरातील टाकाऊ द्रव्ये आईकडे येतात. गर्भाचे रक्त गर्भ स्वतःच तयार करतो. परंतु त्यासाठी लागणारा सर्व माल आईच्या रक्तातूनच यावा लागतो.

हा पुरवठा अखंड चालावयाचा, तर आईच्या शरीराला आपला सारा कारभार वाढवावा लागतो. रक्तातील पातळ भाग, ज्यास रक्तद्रव म्हणतात, तो ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो. तांबड्या पेशीही वाढतात, पण त्या मानाने कमी; म्हणून हिमोग्लोबिनचे प्रमाण थोडेसे उतरते. एवढे उतरणे स्वाभाविक होय. हृदय दर मिनिटाला ३० ते ५० टक्के अधिक रक्त बाहेर टाकू लागते, नाडी दहा-वीस ठोक्यांनी जलद होते. एरवी सत्तर ग्रॅमच्या आसपास असलेले गर्भाशय अखेरीस सुमारे एक किलोचे होते. जिना चढताना लागणारी धाप, सायंकाळी पावलांवर येणारी हलकी सूज हे पुष्कळदा या वाढलेल्या कारभाराचेच परिणाम असतात. परंतु चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी आलेली सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे येणारी अंधारी किंवा रक्तस्राव यांना स्वाभाविक समजून घरी बसता कामा नये. अशा वेळी तत्काळ डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

आता जमाखर्चाकडे वळू. संपूर्ण गरोदरपणात स्त्रीला सुमारे १,००० मिलिग्रॅम लोह लागते. त्यापैकी ३०० गर्भ व वार यांच्यासाठी, ५०० तिच्या स्वतःच्या वाढीव तांबड्या पेशींसाठी, आणि २०० शरीराच्या नित्याच्या झिजेपोटी. एकंदर एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर! परंतु अन्नातील लोहाचा थोडाच अंश अंगी लागतो. शिवाय मासिक पाळीमुळे व अपुऱ्या आहारामुळे कित्येक मुलींच्या शरीरातील शिल्लक विवाहापूर्वीच संपलेली असते. गर्भ आपला वाटा बऱ्याच अंशी उचलतो. तूट पडते ती प्रथम आईच्या खाती. तूट फारच मोठी झाली, तर मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला, तर सशक्त स्त्री जो सोसू शकते तो अशा स्त्रीच्या जिवावर बेततो.

गर्भवतीचे हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास त्यास रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याच्या निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळून येते.

या प्रश्नाच्या इतिहासात मुंबईचे नाव कायमचे कोरले गेले आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स या इंग्लिश संशोधिका मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणात एक तीव्र रक्तक्षय होत असे. त्याचा त्यांनी अभ्यास केला. मूळ कारण आहारात आहे, हे त्यांनी ओळखले आणि यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात, असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे काढण्यात आले व पानावरूनच त्याला हे नाव मिळाले.

याच द्रव्याने पुढे आणखी एक गोष्ट शिकविली. आपण 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतो. वैद्यकात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस धरतात. प्रत्यक्ष गर्भधारणा त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी होते. गर्भधारणेपासून तीन आठवडे उलटतात न उलटतात तोच गर्भाचे हृदय हालू लागते, आणि जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू घडतात ती नळी अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येक स्त्रियांना आपण गर्भवती आहोत याची खात्रीही झालेली नसते. ज्या मातांचे आधीचे मूल या नळीच्या दोषासह जन्मले होते, त्यांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल दिले असता तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटते, असे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. गर्भवतीची काळजी डोहाळजेवणापासून सुरू करणे म्हणजे फार उशिरा सुरू करणे होय. आपल्या देशात सरकारी आरोग्यकेंद्रांतून गर्भवतीला चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. ती चहा वा दुधाबरोबर न घेता लिंबू-आवळ्यासारख्या आंबट फळाबरोबर घेतल्यास लोह अधिक अंगी लागते. शौचाचा रंग काळा होतो. त्याला भिऊन गोळी सोडू नये. पोट बिघडल्यास डॉक्टरांस विचारावे.

परंतु गोळीइतकेच महत्त्व ताटाला आहे. कमी खाल्ले म्हणजे मूल लहान राहते व बाळंतपण सोपे जाते, ही समजूत देशाच्या अनेक भागांत आढळते. सर्वांची जेवणे उरकल्यावर उरलेसुरले सुनेने खावे, ही रीतही पुष्कळ घरांत अजून टिकून आहे. जिच्या रक्तातून एक नवे शरीर उभे राहावयाचे आहे, तिनेच शेवटी का जेवावे? आणि जी मुलगी उद्या आई होणार आहे, तिच्या ताटात आज भावाइतकी उसळ, पालेभाजी, अंडे किंवा मासळी का नसावी? या प्रश्नांचे उत्तर देण्यास डॉक्टरांची गरज नाही. ते आपल्या स्वयंपाकघरातच द्यावयाचे आहे.