नकाशासाठी पैसा हवा, पण तो पायपिटीला

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. त्यामुळे हा आता एखादं नवं अ‍ॅप दाखवणार, असं तुम्हाला वाटत असेल. पण आज मी अ‍ॅपबद्दल कमी आणि पैशाबद्दल जास्त बोलणार आहे.

भिवंडी किंवा मालेगावचा नकाशा मोबाईलवर उघडा. मशिदी, दवाखाने, हॉटेलं, मोबाईलची दुकानं दिसतात. पण वार्पिंग कोण करतं, सायझिंग कुठे होतं, मागाचे सुटे भाग कोण बनवतं, कोणाकडे लेथ आहे, हे शोधायला गेलात तर फारसं काही हाती लागत नाही. ही माहिती नाही असं नाही. ती दलालाच्या डोक्यात आहे, व्यापाऱ्याच्या डायरीत आहे. ज्याच्याकडे माहिती, तोच मजुरीचा दर ठरवतो. कुर्ल्यातला लेथ दुपारी रिकामा असतो आणि मुंब्र्यातला मुलगा एका पार्टसाठी चार दिवस फिरतो, असं त्यातूनच होतं.

कोणाकडे काय यंत्र आहे, हे माहीत असण्याची किंमत 2020 मध्ये दिसली. लॉकडाऊनमध्ये डॉक्टर-नर्सना फेसशील्ड मिळत नव्हत्या. तेव्हा मुंबईच्या मेकर्स असायलम या कार्यशाळेने सोपं डिझाइन खुलं केलं आणि गावोगावच्या छोट्या कार्यशाळांनी ते आपापल्या जागी बनवलं. 49 दिवसांत 42 शहरं-गावं मिळून दहा लाख फेसशील्ड तयार झाल्या. एका मोठ्या कारखान्याचं हे काम नव्हतं. ठिकठिकाणी विखुरलेली यंत्रं एकमेकांना सापडली, म्हणून ते झालं. प्रश्न असा की संकट नसतानाही ती सापडायला हवीत की नकोत?

यासाठी लागणारी साधनं आज फुकट आहेत. 2004 पासून चालणारा ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी बनवलेला, कोणालाही वापरता येणारा नकाशा आहे. उत्पादनाच्या जागा आणि तिथली यंत्रं कशी नोंदवावीत, यासाठी ओपन नो-व्हेअर नावाचं एक खुलं मानक आहे. त्यामुळे एका शहराची यादी दुसऱ्या शहराच्या यादीशी जुळते. घरोघर माहिती घ्यायला कोबोटूलबॉक्स आहे, नकाशा मांडायला क्यूजीआयएस आहे. फेब्रुवारी 2021 च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय नागरिकाला आणि नोंदणीकृत संस्थेला नकाशाची माहिती गोळा करायला आधी परवाना घ्यावा लागत नाही. संवेदनशील ठिकाणांची बंधनं तेवढी पाळायची.

मग पैसा कशाला? चालायला. समजा, एका भागात 300 युनिट आहेत. प्रत्येक ठिकाणी दोन फेऱ्या धरा. पहिली ओळख करून घ्यायला आणि विश्वास मिळवायला, दुसरी माहिती घ्यायला. एका फेरीला पाऊण तास. झाले 450 तास. तासाला 150 रुपये मानधन धरलं तर 67,500 रुपये. वर्षात दोनदा पंधरा-पंधरा मिनिटांची फेरतपासणी केली तर आणखी 150 तास, म्हणजे 22,500. प्रवास, छपाई, प्रशिक्षण यांना 20,000. एकूण एक लाख दहा हजार. यात अ‍ॅपचा एक रुपयाही नाही.

देणगीदाराला मात्र अ‍ॅप आवडतं. त्याचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. वर्षभरात काही माग विकले जातात, लेथ दुसऱ्या गल्लीत जातो, फोन नंबर बदलतो आणि नकाशा खोटा ठरतो. एकदा खोटा पत्ता मिळालेला गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणून माझा आग्रह असा की अनुदान हप्त्यांनी द्यावं आणि शेवटचा मोठा हप्ता फेरतपासणी झाल्यावरच द्यावा. मुलांना मानधन द्या. सेवाभावाच्या नावाखाली फुकट राबवलं, तर ज्याच्या घरी कमावणारं दुसरं कोणी आहे तोच टिकेल. गरीब घरातली पोरं दुसऱ्या महिन्यात गळतील.

आता अवघड भाग. खुली माहिती सगळ्यांसाठीच खुली असते. हेतू चांगला असणाऱ्यालाही आणि नसणाऱ्यालाही. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कांवड यात्रेच्या वाटेवरच्या खाणावळींना मालकाचं नाव लावायला सांगितलं गेलं. 22 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. नावाची पाटी बहिष्काराचं हत्यार कशी होऊ शकते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. शिवाय आपली कित्येक युनिटं राहत्या वस्तीत आहेत, कागदपत्रं अर्धवट आहेत. आपल्या नकाशावरचा बिंदू उद्या नोटिशीचा पत्ता होईल, ही मालकाची भीती खरी आहे. तिला अडाणीपणा म्हणू नका.

यावर सगळ्यात भक्कम कुलूप म्हणजे नको ती माहिती गोळाच न करणं. मालकाचं नाव, धर्म, कामगारांची संख्या, वीजमीटर यातलं काहीच विचारायचं नाही. नोंद करायची ती कामाची: कोणतं यंत्र, किती रुंदीचं कापड, कोणता धातू, जॉबवर्क घेतात का. जागा मोहल्ल्यापुरती दाखवायची. नेमका बिंदू आणि संपर्क फक्त मालकाने होकार दिला तर. तो होकार उर्दू, मराठी, हिंदी अशा त्याला वाचता येईल त्या भाषेत घ्यायचा आणि आधीच स्पष्ट सांगायचं की ओपनस्ट्रीटमॅपवरची नोंद काढली तरी तिचा इतिहास राहतो. ज्याला नको, त्याला सलाम करून पुढे जायचं.

आणखी एक. शटर असलेल्या जागेलाच कारखाना समजलात, तर घरात कांड्या भरणारी, जरीकाम करणारी, शिलाई करणारी बाई पुन्हा सुटेल. तिच्याकडे मुलींनीच जावं. तिचं घर नकाशावर दाखवू नये. महिलांच्या बचतगटाचा किंवा संस्थेचा पत्ता द्यावा. काम तिच्यापर्यंत पोहोचलं पाहिजे, अनोळखी माणूस नव्हे.

पैसा आणायचा कुठून? कंपनी कायदा 2013 नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. तो निधी घ्यायला संस्थेची सीएसआर-1 नोंदणी लागते. परदेशी अनुदानाला एफसीआरएची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. त्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका, मग तो कितीही चांगल्या माणसाने पाठवलेला असो. जकातीचे हकदार ठरलेले आहेत, तिथे हात घालू नका. इमदाद किंवा सदका मागा. आणि काही वाटा यंत्रमालकांच्या संघटनेकडून घ्याच, थोडा असला तरी चालेल. स्वतःचे पैसे घातलेला माणूस नोंद चुकली तर फोन करून सांगतो. हिशोब मात्र नकाशाइतकाच खुला ठेवा, मोहल्ल्यात कागदावर लावून.

घरी जाताना एवढंच ठरवा: एक गल्ली, तीस युनिट, दोन मुलं, दोन मुली, तीन महिने. या हिशोबाने साधारण अकरा हजार रुपयांचं काम आहे. तेवढ्यातून एका तरी कारागिराला दलालाशिवाय एक ऑर्डर मिळाली, तर पुढच्या गल्लीसाठी पैसे मागताना तुमच्या हातात दाखवायला काहीतरी असेल.

आता प्रश्न विचारा.