पेन्सिलीआधी पीठ

जून जवळ आला की आपल्या हुबळी-धारवाडात साडेतीन-चार वर्षांच्या मुलांची दप्तरं घेतली जातात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांत चौकटीची वही न् पेन्सिल जाऊन बसते. माझं आजचं भांडण त्या पेन्सिलीशी आहे. पेन्सिल वाईट नाही, ती फार लवकर हातात येते. इथल्या मराठी घरातल्या मुलाला तर कन्नडची गोल वळणं, इंग्रजीची ए-बी-सी-डी आणि आजीच्या हट्टाची बाराखडी, अशा तीन लिप्या गिरवायच्या असतात. म्हणून ही गोष्ट आपण जरा जास्तच मनावर घ्यायला हवी.

आधी हाताकडेच बघू. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या मनगटात त्या जागी नुसती कूर्चा असते. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडं धरू लागतात, मग साधारण वर्षाला एक. सातवं दिसेपर्यंत मूल सहा-सात वर्षांचं होतं आणि आठवं तर त्याहूनही उशिरा येतं. एकट्या हाडांवर लिहिणं अवलंबून नसतं, हे कबूल. स्नायू, नजर, मेंदू सगळेच लागतात. पण त्यांचाही क्रम ठरलेला आहे. मूल तिसऱ्या वर्षी वर्तुळ बघून काढतं, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, पाचच्या आगेमागे चौकोन, नंतर त्रिकोण, आणि शंकरपाळीसारखी तिरपी आकृती जमायला सातवं वर्ष उजाडतं. वर्षभर इकडेतिकडे होतं, क्रम सहसा मोडत नाही. ज्याच्या हाताला अजून तिरपी रेघच येत नाही, त्याच्याकडून 'र'चा पाय आणि 'क्ष'च्या गाठी पानभर घोटून घ्यायच्या, हा कुठला न्याय?

हात तयार होतो तो खांद्यापासून खाली: आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, शेवटी बोटं. ज्वारीची भाकरी थापणारीला विचारा. थापणं सगळ्यांना दिसतं, पण भाकरी ठरते ती मळण्यात. गरम पाण्यात पीठ भिजवून तळहाताच्या टाचेनं रगडलं नाही, तर थापताना कडा चिरतात. मग पाण्याचा हात फिरवून कितीही सांधा, तव्यावर टाकताना ती तुटतेच. पाच वर्षांच्या मुलाला लावलेली शिकवणी म्हणजे तो पाण्याचा हात. आणि आच वाढवली म्हणून न मळलेली भाकरी फुगत नाही, हे मुलांवर ओरडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. मुलांच्या बाबतीत मळणं म्हणजे चढणं, लोंबकळणं, ओढणं, ढकलणं, चिखल थापणं. आणि हो, खरोखरीचं पीठ मळणंसुद्धा. पुन्हा सांगतो, कारण ऐकताना हे निसटतं: बोटांची तयारी बोटांपासून सुरू होत नाही.

सागरगोट्यांचा, म्हणजे आपल्याकडच्या गजग्यांचा, खेळ जवळून बघा. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईतो जमिनीवरचे दोन टिपायचे, तिसऱ्याला धक्का लागू द्यायचा नाही आणि वरचा त्याच मुठीत झेलायचा. नजर वर, बोटं खाली, मनात मोजणी, आणि घेतलेले दोन गोटे करंगळीखाली दाबून ठेवलेले! पेन्सिल धरताना हेच लागतं: दोन बोटांनी तळहाताला टेकून राहायचं आणि उरलेल्या तिघांनी काम करायचं. आपल्या रायापूरच्या अक्षयपात्र संस्थेच्या स्वयंपाकघरातून शाळांत जाणारा सांबार-भात मुलं हातानं कालवतात, तेव्हा गरम-गार, घट्ट-पातळ हे बोटं शिकतच असतात. आपण घरी मात्र चमच्यानं भरवतो, शिवाय समोर मोबाईल लावून. जुन्या पंतोजींच्या हातात छडी होती, पण धूळपाटीवर बोटानं मोठ्ठं अक्षर काढण्यात शहाणपण होतं. माँटेसरीबाईंची खरखरीत कागदाची अक्षरंही आधी बोटानंच गिरवायची असतात.

यावर म्हटलं जातं, "हे सगळं खरं, पण शेजारचा मुलगा चौथ्या वर्षी नाव लिहितो, आमचा मागे पडेल." काही मुलांचा हात लवकर वळतो. त्यांना कागद द्या, अडवू नका. मात्र एकाला जमलं म्हणून वर्गातल्या तीसही जणांना जुंपायचं कारण नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: खेळत शिकणं हे पैसेवाल्यांचं, गरिबाच्या मुलाला लवकर लिहिता-वाचता यायला हवं. इथं इतिहास उलटी साक्ष देतो. माँटेसरीबाईंचं पहिलं बालगृह १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत उघडलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं आणि १९५७ पासून कोसबादच्या टेकडीवर, वारल्यांच्या पोरांत. परदेशी महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा दगड, बिया, पानं, शंख-शिंपले हीच साधनं झाली. मूल शाळेत येईना, तर शाळा त्याच्या अंगणात गेली. आज हमरस्त्याला लागून रायापुरात इमारती वाढताहेत, चिगरी बस धावतेय, मुलांना मोकळं सोडणं अवघड झालंय, हे मान्य. पण वाटीभर शेंगा सोलायला, ओल्या फडक्याचा पिळा काढायला, बादली उचलायला मैदान लागत नाही. मात्र तीन वर्षांखालच्यांच्या हाती बिया-मणी देऊ नका, ते थेट तोंडात जातात.

२०२० च्या शिक्षण धोरणानं तीन ते आठ ही पाच वर्षं पायाभूत टप्पा म्हणून एकत्र धरली आहेत. ते बालवाडीपर्यंत पोचतं का, यावर बोलायचं होतं, पण समोरून वेळ संपल्याची खूण झाली आहे. दोनच गोष्टी घाईनं सांगतो. पाच वर्षांचं मूल सारखं पडत असेल, बटण लावता येत नसेल, आवाजानं वा स्पर्शानं फार बिथरत असेल, तर "होईल मोठं झालं की" म्हणत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि डावखुऱ्या मुलांचा विषय राहिलाच. त्यांचा हात बदलायला लावू नका, वही जराशी उजवीकडे कलती करून ठेवा, म्हणजे लिहिलेलं त्यांना दिसत राहील.