जिताडा धापा टाकतो, तेव्हा आधी काय पाहाल?



भिवंडीच्या खाडीकाठी खाजणात तळे करून ज्यांनी जिताडा सोडला आहे, त्यांच्यासाठी आजच्या चार गोष्टी. मासा तोंड वर काढून धापा टाकू लागला, की आपण घाईने औषध आणून ओततो. थांबा! धापा टाकणे हे लक्षण झाले, रोग नव्हे. फॉर्मालिन पाण्यातला प्राणवायू कमी करते. गुदमरलेला मासा त्यानेच मरायचा.

1) वेळ बघा. पहाटे सगळेच मासे वर आले आणि ऊन चढल्यावर खाली गेले, तर बहुधा प्राणवायूचा तुटवडा. एरेटर लावा, पाणी बदला. पण दिवसभर वर राहतात, कल्ल्यांची झाकणे फाकलेली, खाद्य सोडलेले, तर कल्ले तपासाच.

2) कल्ले जिवंत माशाचेच पाहा. मेलेल्याचे लवकर सडतात, फसायला होते. निरोगी कल्ला लालभडक. तपकिरी दिसला तर पाण्यात नायट्राइट वाढल्याचा संशय घ्या. फिकट, सुजलेला, चिकट, कडा झिजून पांढरे-पिवळे डाग पडलेले असतील, तर जिवाणूंचा संशय.

3) पण कल्ल्यावरच्या परजीवी किड्यांनीही असाच चिकटा येतो. म्हणून कल्ल्याचा लहानसा तुकडा तळ्याच्या पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. वळवळणारे किडे दिसले तर परजीवी. बारीक लांबट जिवाणूंचे थर दिसले तर जिवाणूंचा रोग.

4) खात्री प्रयोगशाळेतच. आजारी 3-4 मासे जिवंत, प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्या. सोबत एक-दोन निरोगी मासे आणि पाण्याची बाटली घ्या. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. आधी विचारून जा. मासा खाऱ्या पाण्यातला आहे हे आवर्जून सांगा. टेनॅसिबॅक्युलम हा समुद्री जिवाणू साध्या माध्यमावर वाढत नाही, त्याला समुद्राचे क्षार लागतात. हे सांगितले नाही तर रोग असूनही 'काही नाही' असा निकाल यायचा.

निकाल येईपर्यंत खाद्य बंद ठेवा, दाटी कमी करा. दाटी, अमोनिया, गाळ यांनी कल्ले दुखावले, की जिवाणूंचे फावते. कामवारी नदी शहराची घाण घेऊन खाडीला मिळते. म्हणून ओहोटीला उघाडी उघडू नका, पाणी भरतीचेच घ्या.

प्रतिजैविक औषध मत्स्यतज्ज्ञाच्या लेखी सल्ल्याशिवाय नको. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना तर मत्स्यशेतीत बंदीच आहे.

तेव्हा मंडळी, आधी पाणी, मग कल्ला, मग प्रयोगशाळा, आणि औषध सर्वांत शेवटी.