हाताला काम, कामाला शिक्षण

भंडारा रोड स्टेशनावर उतरलं की गाव लागतं वरठी. इथला सनफ्लॅगचा कारखाना वाहनांच्या सुट्या भागांसाठी लागणारं पोलाद बनवतो. मग प्रश्न पडतो, आपल्या गावच्या मुलामुलींना अशा कारखान्याचं दार उघडतं कसं?

वाट कायद्यानेच आखली आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्यांना दरमहा विद्यावेतन मिळतं.

आयटीआयमध्ये फिटरचा विद्यार्थी कानशीने लोखंड घासतो, व्हर्नियर कॅलिपरने ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप घेतो. पण चालत्या यंत्राचा आवाज, पाळीची शिस्त, सुरक्षेची सवय या गोष्टी कारखान्यातच अंगवळणी पडतात. म्हणून शाळा, आयटीआय आणि कारखाना यांनी हातात हात घालून चालायला हवं.

पालकहो, धोक्याच्या कामासाठी वय १८ पूर्ण हवं, हे ध्यानात ठेवा. केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा, आयटीआयमध्ये चौकशी करा. आणि मुलींनाही फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होऊ द्या.