अनोळखी माणसाला स्वतःची ओळख करून देताना



१६९५ साली लंडनमध्ये जॉन हॉटन नावाचे गृहस्थ शेती आणि व्यापाराची माहिती देणारं पत्रक काढत असत. त्या वर्षीच्या जुलैत तिशीतल्या एका गृहस्थांनी त्यात मजकूर दिला : आपली मालमत्ता उत्तम आहे, आणि सुमारे ३,००० पौंडांची संपत्ती असलेल्या तरुण स्त्रीशी लग्न करण्याची इच्छा आहे. लग्नाच्या छापील जाहिरातींपैकी ही अगदी सुरुवातीची मानली जाते. वय कळलं, पैसा कळला, अपेक्षाही कळली. माणूस कसा आहे, ते मात्र कळलं नाही.

पुढे साधनं बदलत गेली. १९६५ साली हार्वर्डच्या जेफ टार आणि व्हॉन मॉरिल या विद्यार्थ्यांनी ‘ऑपरेशन मॅच’ सुरू केलं. ३ डॉलर आणि भरलेली प्रश्नावली पाठवली, की संगणक जोड्या लावून नावं कळवत असे. १९९५ मध्ये मॅच डॉट कॉम आलं. त्यानंतर लवकरच मुंबईत अनुपम मित्तल यांचं संकेतस्थळ सुरू झालं, तेच आजचं शादी डॉट कॉम. २०१२ मध्ये टिंडर आलं. स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड यांच्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१७ साली भेटलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के जोडप्यांची ओळख ऑनलाइन झाली होती. मित्रमंडळींमार्फत जुळणाऱ्या ओळखी त्या मानाने बऱ्याच मागे पडल्या होत्या.

मराठी घरात ही ओळख बायोडाटाच्या रूपात तयार होते. वर ‘श्री गणेशाय नमः’, मग जन्मवेळ, रास, नक्षत्र, गण, नाडी, उंची, वर्ण, शिक्षण, पगार, मामाचं कुळ. स्वभाव मनमिळाऊ, छंद वाचन आणि प्रवास, अपेक्षा ‘अनुरूप’. दोन घरांचा मेळ बसतो का, हे वडीलधाऱ्यांना पाहता यावं, एवढंच त्या कागदाचं काम. शिवाय तो कागद कधी एकटा फिरत नसे. त्याच्यासोबत एखादी मावशी असे, नाहीतर वधू-वर सूचक मंडळातल्या बाई असत. मुलगा अबोल आहे, पण आजारी आजोबांचं सगळं तोच करतो; मुलगी फटकळ आहे, पण मनात काही ठेवत नाही, असं त्या दोन वाक्यांत सांगत, आणि समोरच्या घराला खरी ओळख तिथे पटत असे.

ऑनलाइन प्रोफाइलच्या शेजारी मावशी नसते. तिचं काम प्रोफाइललाच करावं लागतं. चांगलं प्रोफाइल आणि नुसतं भरलेलं प्रोफाइल यांत फरक पडतो तो इथेच.

अमेरिकी पत्रकार आणि लेखिका एमी वेब यांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी तो सविस्तर सांगितला आहे. पहिलं प्रोफाइल करताना त्यांनी नोकरीच्या अर्जातला मजकूर जवळजवळ तसाच उतरवला होता : पुरस्कार, व्यावसायिक कामगिरी, येणाऱ्या भाषा. प्रतिसाद निराशाजनक होता. मग त्यांनी पुरुषांच्या नावाने १० खोटी प्रोफाइलं उघडली आणि संकेतस्थळावर लोकप्रिय असलेल्या स्त्रिया काय लिहितात, ते तपासलं. तो मार्ग कुणी अनुसरू नये, कारण समोरच्याची फसवणूक त्यात होतेच. हाती आलेली माहिती मात्र उपयोगाची होती. लोकप्रिय प्रोफाइलं छोटी होती, सरासरी शंभराच्या आतबाहेर शब्दांची, आणि भाषा मोकळी, उमेद असलेली होती. वेब यांनी आपलं प्रोफाइल नव्याने लिहिलं आणि पुढे त्यांचं लग्न याच मार्गाने जुळलं.

थोडकं लिहिणं का फळतं, याचं उत्तर २००७ साली मायकेल नॉर्टन, जीना फ्रॉस्ट आणि डॅन एरिएली यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळतं. एखाद्याविषयी जितकं जास्त कळेल तितका तो आवडेल, असं बहुतेकांना वाटत होतं. प्रत्यक्षात गुणांची यादी वाढली की पसंती सरासरीने घटत होती. एक न जुळणारी गोष्ट दिसली, की पुढच्या गोष्टींकडेही वाचणारा त्याच नजरेने पाहू लागतो.

म्हणून मोजकं लिहावं, आणि ते नेमकं असावं. नाशिकचा एखादा अभियंता लिहितो, अशी कल्पना करा : ‘मी मनमिळाऊ, कुटुंबवत्सल असून प्रवास, वाचन व संगीताची आवड आहे.’ यात खोटं काही नाही, पण हे वाक्य हजारो जणांच्या नावावर खपून जाईल. आता तोच लिहितो : ‘रविवारची थालीपीठं माझ्याकडे असतात. भाजणी स्वतः दळून आणतो, पण आईसारखी खुसखुशीत अजून होत नाहीत. कुणाला युक्ती माहीत असेल तर सांगा.’ घरकामात हात आहे, आईशी जवळीक आहे, शिकायची तयारी आहे, हे सगळं एकही विशेषण न वापरता कळलं. वाचणारीला पहिला निरोप काय पाठवायचा, तेही कळलं. हिंज या अ‍ॅपवर नुसता रिकामा चौकोन मिळत नाही. तिथे ठरलेल्या विषयांतून ३ निवडून प्रत्येकावर १५० अक्षरांत उत्तर द्यावं लागतं. नेमकेपणाची शिस्त त्यामुळे आपोआप लागते.

सगळा मजकूर स्वतःविषयीच असावा का? समीर चौधरी आणि लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले डॉ. खालिद खान यांनी २०१५ साली या विषयावरच्या संशोधनांचा आढावा घेऊन ७०:३० असं प्रमाण सुचवलं : सत्तर टक्के स्वतःविषयी, तीस टक्के कसा जोडीदार हवा त्याविषयी. मराठी स्थळांच्या जाहिरातींत अनेकदा अपेक्षांचीच यादी लांबलचक असते, आणि वाचणाऱ्याला आपण मुलाखतीला बसलो आहोत असं वाटू लागतं.

फोटोचं महत्त्व वादातीत आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवलं, की चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी माणसं त्या व्यक्तीविषयी मत बनवतात. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, ते पक्कं तेवढं होतं. म्हणून पहिला फोटो अलीकडचा, एकट्याचा, चांगल्या उजेडातला असावा. लग्नातल्या घोळक्यातला, गॉगल लावलेला किंवा स्टुडिओत गोरा करून घेतलेला फोटो पहिला नसावा.

हे गोरेपण फक्त स्टुडिओपुरतं नाही. शादी डॉट कॉमवर वर्णानुसार स्थळं शोधायची सोय होती. जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या स्त्रियांनी त्याविरुद्ध ऑनलाइन निवेदन काढलं, आणि कंपनीने ती सोय काढून टाकली. घरच्या बायोडाटातला ‘वर्ण’ हा रकाना तर कुणाच्याही परवानगीविना आजच खोडता येतो.

आता खरेपणाविषयी. कॅटॅलिना टोमा, जेफ्री हॅनकॉक आणि निकोल एलिसन यांनी न्यूयॉर्कमध्ये ऑनलाइन जोडीदार शोधणाऱ्या ८० जणांना बोलावलं, त्यांची उंची मोजली, वजन केलं, वाहन परवान्यावरून वय पाहिलं आणि प्रोफाइलशी ताडून पाहिलं. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ८१ टक्के लोकांनी निदान एका बाबतीत खोटं लिहिलं होतं, सर्वांत जास्त वजनाबाबत. बहुतेकांनी केलेला फेरफार अगदी थोडा होता, कारण पुढे समोरासमोर भेटायचं आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण उंची, पगार किंवा आधीचं लग्न लपवलेलं भेटीत उघड झालं, की बाकीचं खरंही संशयात सापडतं.

खरं लिहायचं म्हणजे सगळं लिहायचं असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटागटांतून फिरणाऱ्या बायोडाटांत जन्मतारीख, वडिलांचं पूर्ण नाव, घरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक एकाच पानावर असतो. भामट्याला याहून अधिक काय हवं? पत्ता, कार्यालयाचं ठिकाण आणि फोन ओळख वाढल्यावर द्यावा. फोटोच्या मागे घराची पाटी किंवा गाडीचा क्रमांक नाही ना, ते पाहावं. पहिली भेट हॉटेलात, दिवसाउजेडी व्हावी आणि घरी कुणाला तरी ठाऊक असावी. विवाहविषयक संकेतस्थळांनी सदस्यांची ओळख पडताळावी, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये दिल्या आहेत. तरीही न भेटलेल्या माणसाने कस्टममध्ये अडकलेल्या भेटवस्तूसाठी किंवा इस्पितळाच्या बिलासाठी पैसे मागितले, तर ते देऊ नयेत. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

या सभागृहात लग्नाच्या वयाच्या मुलामुलींचे आईवडील बरेच आहेत. विवाहस्थळांवरची कित्येक प्रोफाइलं पालकच भरतात, आणि त्यामागे काळजीच असते. त्यांना एक विनंती. पत्रिका जपून ठेवा, चौकशी जरूर करा, पण स्वतःविषयीचे ते शंभर शब्द मुलाला किंवा मुलीलाच लिहू द्या. लिहून झाल्यावर त्यांना नीट ओळखणाऱ्या मैत्रिणीला किंवा मित्राला वाचायला द्या आणि विचारा : ‘हे वाचून तुला तोच दिसतो का? तीच दिसते का?’ उत्तर ‘हो’ आलं, तरच ते प्रोफाइल पुढे पाठवा.