घोड्यांच्या स्पर्धेत बायकांचं काय काम?

भाकरी थापत असाल, शेंगा निवडत असाल, तर हातातलं काम चालू द्या आणि कान इकडे ठेवा. आज मी बचत, हप्ता, कर्ज यातलं फारसं काही बोलणार नाही. आज घोड्यांबद्दल बोलायचं आहे. हसू नका. मागच्या वर्षी आमच्या तीन गटांतल्या चौदा बाया घोड्यांच्या स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून तीन दिवस राबल्या. त्यातलं चांगलं काय झालं आणि माझं कुठे चुकलं, ते सांगते.

आमच्या खानदेशात दत्तजयंती आली की घोड्यांची चर्चा सुरू होते. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी सारंगखेडा आहे. तिथल्या एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मारवाडी, काठेवाडी, सिंधी अशी लांबलांबची जनावरं येतात. तिकडे नांदेडात माळेगावची यात्रा, सोलापुरात अकलूजचा बाजार, तीही घोड्यांची मोठी ठिकाणं. त्यामानाने आमच्या जवळची यात्रा लहान. तिचं नाव मुद्दामच सांगत नाही, का ते पुढे कळेल. तिथेही चालीच्या, रूपाच्या, उड्यांच्या स्पर्धा होतात.

तिथल्या मंडळींचा मला फोन आला. "ताई, दहा-पंधरा महिला पाठवा. सारख्या साड्या नेसून आल्या तर बरं दिसेल." मी विचारलं, काम काय? तर म्हणे रांगोळी, पाहुण्यांचं औक्षण आणि चहा. मी म्हटलं, दादा, हे आम्ही घरी रोज करतो, त्यासाठी घोडे कशाला हवेत? स्पर्धेतलं काम द्या. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "घोड्यांच्या स्पर्धेत बायकांचं काय काम?"

त्यांना मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, आता देते. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत बायका आणि पुरुष एकाच स्पर्धेत, एकमेकांच्या विरुद्ध उतरतात. वेगळी महिला स्पर्धा नसतेच. 2023 मध्ये चीनमधल्या हांगचौच्या आशियाई खेळांत भारताला घोडेस्वारीत 41 वर्षांनी सुवर्णपदक मिळालं. चौघांचा संघ होता: अनुष अगरवाला, मुंबईचा हृदय छेडा आणि दोन मुली, इंदूरची सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह. त्याआधीचं सुवर्ण 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांतलं.

शेवटी आमची बाजू घेतली ती एका आबांनी. हे आबा जयपूरच्या 61व्या कॅव्हलरीत, म्हणजे लष्कराच्या घोडदळात नोकरी करून आता गावी शेती बघतात. ते मंडळींना म्हणाले, "मोठ्या स्पर्धा घोड्यांवर चालत नाहीत, स्वयंसेवकांवर चालतात." इंग्लंडात बॅडमिंटन नावाच्या गावी 1949 पासून एक मोठी स्पर्धा भरते. रानातून, ओढ्यातून, कुंपणांवरून घोडे पळवायचे असतात. प्रत्येक अडथळ्याजवळ माणसं बसलेली असतात. घोडा येतोय असं दिसलं की शिट्टी वाजवायची, लोकांना बाजूला करायचं, घोडा उडी मारायला नाकारला तर लिहून ठेवायचं. हे काम करणारे बहुतेक स्वयंसेवकच. आबांनी आम्हाला दोन रविवार शिकवलं, आमच्या समाजमंदिरात. घोडा नव्हता, तर खुर्च्या मांडून.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती पदराची. वाऱ्यावर उडणारा पदर, छत्री, प्लॅस्टिकची पिशवी यांना घोडा बुजतो. म्हणून पदर कमरेला खोचून पिन लावायची. चप्पल नाही, बंद बूट. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर पायावर उभं राहिलं तर चपलेचा काय उपयोग? घोड्याला दोन्ही बाजूंचं पुष्कळ दिसतं, पण अगदी मागचं आणि कपाळासमोरचं दिसत नाही. तेव्हा मागून जायचं नाही, खांद्याच्या बाजूने, तिरकं, बोलत जायचं. कान मागे चिकटवले, शेपटी जोरात फटकारली, की समजायचं साहेब रागावलेत. आपल्या घरातल्या काही माणसांचंही असंच कळतं, फक्त त्यांचे कान हलत नाहीत.

घोडा सुटला तर धावायचं नाही. "घोडा सुटला" असं एकदा मोठ्याने सांगायचं, म्हणजे बाकीचे सावध होतील. मग जवळचं फाटक लावायचं आणि गप्प उभं राहायचं. मागे लागलं की तो आणखी पळतो. दुसऱ्या दिवशी खरोखर एक घोडी सुटली. सगळे पुरुष आरडत मागे धावले आणि आमच्या सत्तावन्न वर्षांच्या मावशींनी शांतपणे जाऊन फाटक लावलं. घोडी फाटकाशी येऊन थांबली. त्या दिवसापासून मावशींचा रुबाब काही विचारू नका.

तिथे शिकलेलं आणखी थोडं सांगते, कारण ते मला फार आवडलं. घोड्याचं वय दातांवरून ओळखतात. दुधाचे दात असतील ते शिंगरू. अडीच वर्षांच्या सुमाराला पुढचे पक्के दात येऊ लागतात, पाचाव्या वर्षापर्यंत तोंड पुरं होतं. स्पर्धेतले गटही त्यावरूनच करतात: अदंत, दोन दात वगैरे. रेवाल चालीच्या शर्यतीत नुसतं पळून भागत नाही. स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हलू नये अशी ती चाल असते. घोड्याने ती मोडून दौड धरली की बाद. आमच्या चौघी झेंडी घेऊन वाटेवर त्यासाठीच उभ्या होत्या.

आणि ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा एक रोग आहे, तो माणसालाही होऊ शकतो. म्हणून घोड्याच्या रक्ताच्या तपासणीचा दाखला बघितल्याशिवाय आत सोडायचं नाही, घोड्याचं नाक वाहत असेल तर हात लावायचा नाही, लगेच पशुवैद्यांना सांगायचं. फाटकावरचं हे काम आमच्या दोन मुलींनी असं चोख केलं की तिघांना परत पाठवलं.

आता ज्यासाठी बोलायला बसले ते.

पंचाशेजारी बसून गुण लिहायला एक माणूस लागतो. पंचाची नजर घोड्यावरून हलायला नको, म्हणून तो तोंडाने सांगतो आणि लिहिणारा लिहितो. आपलं मत द्यायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. खाडाखोड झाली तर तिथे पंचाची सही हवी. हे काम मी आमच्या एका अक्काला दिलं. नाव सांगत नाही. सातवी शिकलेली, पण अक्षर मोत्यासारखं, गटाचं इतिवृत्त तीच लिहिते. तिला फार आनंद झाला. म्हणाली, "माझं अक्षर पहिल्यांदा गटाच्या वहीबाहेर जाईल."

तिसऱ्या दिवशी दोन दात गटाची फेरी झाली. पंच जेवायला उठले, कागद टेबलावर, अक्का राखणीला. एका मोठ्या बागाईतदाराचा पुतण्या आला. गोड आवाजात म्हणाला, "अक्का, आमच्या घोड्याचे पाचाचे आठ कर ना. कोण बघतंय?" अक्का म्हणाली, "खोडलं तर पंचांची सही लागते भाऊ. मी फक्त ऐकलेलं लिहिते." तो निघून गेला. थोड्या वेळाने ते बागाईतदार स्वतः आले. त्यांनी तर काहीच मागितलं नाही. कागदाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, "बरं," म्हणाले आणि गेले.

मैत्रिणींनो, त्यांच्याच शेतात अक्का दर वर्षी कापूस वेचते. यात्रा झाली, पुढची वेचणी निघाली, आणि तिला बोलावणं आलं नाही. तिच्या गल्लीतल्या आणखी दोघींनाही नाही. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. सकाळी गाडी त्या गल्लीत वळलीच नाही, एवढंच. अक्काने मुलाच्या प्रवेशासाठी गटातून कर्ज घेतलं होतं. दोन हप्ते थकले. बैठकीत ती मान खाली घालून बसली. तिला मान खाली घालायला लावणारी मी होते. कारण "चला, नाव होईल, सेवा होईल" असं सांगून तिला तिथे मी बसवलं होतं, आणि ज्याच्या घोड्याचे गुण ती लिहिणार त्याच्याच शेतावर तिची चूल पेटते, हे मला आधी सुचलं नाही. गटाने दंड न लावता मुदत वाढवून दिली. मंडळींच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "ताई, आता झालं गेलं विसरा." विसरायला आमचं काय जातं? हप्ता विसरत नाही ना.

दुसरीही एक गोष्ट माझ्या मनात तेव्हापासून घोळते आहे. मांडववाल्याला पैसे मिळाले, माईकवाल्याला मिळाले, निवेदकाला मिळाले, बॅन्ड तर पहिल्या दिवशीच आगाऊ घेऊन गेला. सेवा फक्त आमची. परदेशातले स्वयंसेवक फुकट काम करतात हे खरं, पण त्यांच्यातले पुष्कळ जण हौसेने सुट्टी काढून आलेले असतात. आमची बाई सुट्टी काढत नाही, ती रोज बुडवते. डिसेंबरात तीन दिवस म्हणजे कापसाचे तीन दिवस. अर्धा दिवस हौसेने द्यायला माझी ना नाही. तीन दिवस हवे असतील तर त्याला मजुरी म्हणा, मानधन म्हणा, पण द्या. सगळ्यांना हे पटत नाही. आमच्याच गटातल्या काहीजणी म्हणतात, पैसे घेतले तर मान जाईल, मग आपण कामवाल्या ठरू. यावर दोन बैठका झाल्या, अजून वाद मिटलेला नाही.

बाकी अटींवर मात्र एकमत झालं. यंदा पुन्हा बोलावणं आलं आहे, आणि या वेळी आम्ही कागदावर लिहून दिलं. दार असलेलं संडास, जवळ. मागच्या वर्षी सकाळपासून पाणी न पिता उभ्या राहिलो आम्ही, कारण जायचं कुठे? घोड्यांसाठी डॉक्टर होते, माणसांसाठी नव्हता, तो हवा. लिदीच्या जागी जखम झाली तर धनुर्वाताची भीती असते, तेव्हा इंजेक्शनची सोय हवी. दोन पाळ्या, जेवण, आणि अंधार पडायच्या आत घरी सोडणारी गाडी. गुणांचा कागद फेरी संपताच पंचाने स्वतः ताब्यात घ्यायचा, टेबलावर सोडायचा नाही.

शेवटची अट अक्काने सांगितली. मला वाटलं होतं ती यंदा येणारच नाही. ती म्हणाली, "लिहायला आमच्या गावची बाई नको. पलीकडच्या तालुक्यातल्या गटाची आणा, जिचं इथल्या कुणाच्या शेतावर पोट नाही. आणि त्यांच्या यात्रेत लिहायला मी जाईन." हेही लिहून दिलं आहे. पलीकडच्या गटाच्या ताईंशी माझं बोलणं झालं, त्या तयार आहेत. मंडळींचं उत्तर अजून यायचं आहे. अक्का मात्र बूट घेऊन आली आहे बाजारातून, स्वतःच्या पैशाने, एक नंबर मोठे मिळाले म्हणून पुढे कापूस कोंबून.