सानिया मिर्झाचा दुसरा डाव

 

आज टेनिसबद्दल बोलूया. टेनिस म्हटलं की आपल्याला वाटतं, हा नागपुरातल्या क्लबातला खेळ, आपला काय संबंध? पण सानिया मिर्झा हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे. तिचा जन्म १९८६ चा, मुंबईतला. वाढली हैदराबादला. सहाव्या वर्षी रॅकेट हातात घेतली. सुरुवातीला ती शेणाने केलेल्या कोर्टवर खेळली, असं तिनेच सांगितलं आहे. म्हणजे आपल्या सारवलेल्या अंगणासारखंच की! शिकवायला वडील होते.

२००७ मध्ये ती एकेरीत जगात २७ वी होती. मग मनगट दुखावलं, गुडघे दुखावले, शस्त्रक्रिया झाल्या. तिने एकेरी सोडली आणि दुहेरीवर भर दिला. गुडघे दुखायला लागले म्हणून आपण स्वयंपाक सोडतो का? चुलीसाठी ओटा करून घेतो. तसंच हे. एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली आली. महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी मिळून टेनिसमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धांची ६ विजेतेपदं तिच्या नावावर आहेत.

पण आम्हाला तिचं दुसरं काम जास्त सांगायचं आहे. २०१३ मध्ये, स्वतः खेळत असतानाच, तिने हैदराबादजवळ टेनिस अकादमी काढली. तिथे सराव केलेली एक मुलगी आपल्या महाराष्ट्रातली, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची, प्रार्थना ठोंबरे. २०१४ च्या आशियाई खेळांत सानिया आणि प्रार्थना दोघी जोडीने खेळल्या आणि कांस्यपदक आणलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्येही हीच जोडी होती. तिथे पहिल्याच फेरीत हरल्या. पण बार्शीची पोरगी ऑलिंपिकच्या कोर्टवर उभी राहिली, आणि शेजारी कोण होतं बघा.

रॅकेट कशी धरायची हे शिकवणारे पुष्कळ मिळतील. परगावी एकटीने कसं राहायचं, दुखणं कधी अंगावर काढायचं नाही, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा कसं उभं राहायचं, हे त्या वाटेने गेलेलीच सांगू शकते. मात्र टेनिस स्वस्त नाही, हेही सांगायला हवं. रॅकेट, बूट, शिकवणी, प्रवास, सगळ्याला पैसा लागतो. प्रार्थनालाही बार्शी सोडून हैदराबाद गाठावं लागलं.

२०१८ मध्ये सानियाला मुलगा झाला. वजन वाढलं होतं, तिने २६ किलो उतरवलं आणि जानेवारी २०२० मध्ये परतल्या परतल्या ऑस्ट्रेलियातल्या होबार्टची दुहेरी स्पर्धा जिंकली. लेकरू झालं की बाईचं सगळं संपलं, असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आपल्याही गावात आहेत. त्यांना हे जरूर सांगा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ती खेळातून निवृत्त झाली. त्याच सुमाराला बंगलोरच्या महिला क्रिकेट संघाने तिला मार्गदर्शक म्हणून बोलावलं. क्रिकेटच्या संघाला टेनिसवाली! तिला बोलावलं ते दडपण कसं पेलायचं हे मुलींना सांगायला. त्या मोसमात संघ पहिले पाचही सामने हरला. स्वतः जिंकणं आणि दुसरीला जिंकायला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याला वेळ लागतो. गटाचा हिशेब लिहायला एखादीला शिकवून बघा, मग कळतं.

आता आपल्याकडचं. आमच्या गटांमध्ये शाळेत असताना कबड्डी, खो-खो खेळलेल्या कितीतरी जणी आहेत. लग्न झालं आणि खेळ सुटला. मुलींना शिकवायला कोणी नाही, आणि गावातली शाळेची मैदानं संध्याकाळी रिकामी असतात. एका गावात दोघीजणी शिकवायला तयार आहेत. घरच्यांचा नकार नाही. अडचण एवढीच, की मुली मोकळ्या असतात तीच वेळ गाई-म्हशींच्या धारा काढायची. येत्या मासिक बैठकीत आम्ही हाच विषय घेतला आहे. त्या दोघींच्या गोठ्यात आठवड्यातून तीन संध्याकाळी कोण थांबेल, ते आधी ठरवू.